तट, हातोडा आणि पासवर्ड

चांद्याचा किल्ला दोनदा पडला आणि दोन्ही वेळा वेगळ्या तऱ्हेने. दुसरी वेळ सर्वांच्या लक्षात आहे. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने तोफा लावून तटाला खिंडार पाडले, शिपाई आत घुसले, किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. इंग्रजांनी ही लढाई तपशीलवार लिहून ठेवली, कारण ती त्यांनी जिंकली होती.

पहिली वेळ मात्र फारशी कोणी सांगत नाही. अठराव्या शतकाच्या मध्याला गोंड राजा नीळकंठशहाच्या काळात नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला, तेव्हा तटाचा चिराही हलला नाही. राजाने वडिलांच्या वेळच्या दिवाणाला मारले होते, दरबार नाराज होता. मेजर ल्यूसी स्मिथ यांनी १८६९ च्या जमाबंदी अहवालात या प्रकरणाचा जो वृत्तान्त दिला आहे त्याचा सारांश एवढाच, की पैसा आणि फितुरी यांनी वेशी आधीच पोखरल्या होत्या आणि शहर जवळजवळ न लढता गेले. खांडक्या बल्लाळशहाने पाया घातलेला आणि पुढच्या पिढ्यांनी पुरा केलेला तो प्रचंड तट त्या दिवशी जागच्या जागी उभा होता. तो कोणाच्या कामी आला नाही.

या तटाला चार वेशी आहेत : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या : बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर. वेशींवर गोंडांचे हत्ती-सिंहाचे चिन्ह कोरलेले आहे, पर्यटक त्याचे फोटो काढतात. चोर खिडकीचा फोटो काढायला सहसा कोणी जात नाही. मला मात्र गेली काही वर्षे तीच जास्त आठवते, आणि त्याचे कारण किल्ल्यात नाही, मोबाइलमध्ये आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्यापाराचे जुने कागद गोळा करणे हा माझा छंद. पदवी नाही, विद्यापीठाशी संबंध नाही. सागवानाचे परवाने, ठेकेदारांच्या वह्या, मोडीतल्या हुंड्या जिथे रद्दीत निघाल्या असत्या तिथून उचलून आणल्या. वाचत वाचत शिकलो. अशा कागदांत एक प्रश्न सारखा समोर येतो : लहान माणसाने आपला माल आणि आपले नाव दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून काय काय केले? आता त्या लहान माणसाचे दुकान संकेतस्थळावर गेले आहे. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या ताडोबाच्या प्रवेशद्वारांजवळचे घरगुती निवास, भद्रावतीची मातीची भांडी, नागभीडचे टसर, बांबूच्या वस्तू करणारे बचत गट – पुण्या-मुंबईचा आणि हैदराबादचा गिऱ्हाईक यांना आधी तिथेच भेटतो. म्हणजे वेस बदलली. प्रश्न तोच राहिला.

आधी सागवानाबद्दल सांगतो, कारण इथला खरा इतिहास लाकडावर लिहिलेला आहे.

आलापल्ली-अहेरीच्या जंगलातले सागवान एके काळी तराफे बांधून प्राणहिता-गोदावरीतून खाली जात असे. नदीत सोडलेल्या लाकडाला मालक कसा ओळखायचा? ठशावरून. ओंडक्याच्या टोकाला हातोड्याने ठोकून उमटवलेली खूण हीच त्याची मालकी. सरकारी हातोडा वेगळा, ठेकेदाराचा वेगळा. भारतीय वन अधिनियम, १९२७ हा कायदा आजही लागू आहे, आणि त्याची कलमे वाचताना संकेतस्थळ चालवणाऱ्याने थक्क व्हावे. कलम ४१ म्हणते की लाकडावरच्या मालकी-चिन्हांची नोंदणी करावी, ती नोंदणी किती काळ चालेल ते ठरवावे, एका माणसाच्या नावे किती चिन्हे असावीत यावर मर्यादा घालता येईल, आणि नोंदणीची फी घेता येईल. नाव नोंदवा, मुदत पाळा, फी भरा. डोमेन नावाचे काम याहून वेगळे काय आहे?

कलम ४५ तर त्याहून बोलके. नदीत वाहत आलेले, किनाऱ्याला लागलेले लाकूड, नोंदणी नसलेल्या खुणेचे लाकूड आणि ज्याची खूण जाळून किंवा अन्य रीतीने पुसली, बदलली गेली आहे ते लाकूड, कोणी आपला हक्क सिद्ध करीपर्यंत सरकारचे मानले जाईल. थोडक्यात, खूण गेली की माल तुमचा नाही. तो तुमचा असल्याचे तुम्ही सिद्ध करत बसा. डोमेनची मुदत संपली, नूतनीकरणाचा ईमेल कोणी वाचला नाही, सवलतीचे दिवसही उलटले, की नाव खुल्या बाजारात पडते. फरक इतकाच, की लाकूड निदान सरकारजमा होई. नाव दुसरा कोणीही उचलतो आणि तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांना तुमच्याच पत्त्यावर आपले दुकान दाखवतो.

आणि कलम ६३ : बनावट ठसा मारणे, खरा ठसा बदलणे किंवा पुसणे, यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ६६-क याच घराण्यातले. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पासवर्ड हा हातोडाच आहे. तो ज्याच्या हाती, त्याने मारलेला ठसा खरा दिसतो. ओंडक्याकडे पाहून हातोडा कोणी उचलला होता ते कळत नाही.

जंगल खात्याच्या जुन्या माणसांशी बोलताना जाणवते, की त्यांना चोरट्या कुऱ्हाडीपेक्षा धास्ती असे ती भलत्या हाती गेलेल्या हातोड्याची. कुऱ्हाडीने तोडलेले लाकूड नाक्यावर सापडते. खऱ्या ठशाचे आणि खऱ्या परवान्याचे लाकूड नाकेदार सलाम करून सोडतो. म्हणून २७ एप्रिल २०११ ला गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेच्या हाती, केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत, बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक आले, ती घटना मला केवळ वनहक्काची वाटत नाही. एका गावाच्या हाती हातोडा आला. त्याबरोबर तो सांभाळण्याचे कामही आले.

हुंडीबद्दल थोडक्यात. हुंडीत रक्कम अंकात, अक्षरात आणि वर ‘निम्मे इतके, त्याचे दुप्पट पुरे’ अशी फोड करून लिहीत. एक आकडा खोडून बदलला तर बाकीचे दोन चुगली करत. शिवाय हुंडी एका वाटेने जाई आणि ती लिहिल्याची वर्दी देणारे पत्र दुसऱ्या वाटेने. दोन्ही जुळल्याशिवाय शहाणा सावकार पैसे मोजत नसे. हुंडी हरवली तर पेठ, पेठ हरवली तर परपेठ, अशी नकलांची व्यवस्था ठरलेली होती. आज आपण ज्याला ओटीपी आणि बॅकअप म्हणतो ते हेच, फक्त मोडीतले. दोन वाटा आणि वेगळ्या जागी ठेवलेली नक्कल ही कल्पना अमेरिकेतून आली असे मानणाऱ्यांनी एकदा जुनी वखारीची दप्तरे पाहावीत.

आता संकेतस्थळ. मोहर्लीच्या बाजूला घरगुती निवास चालवणारे एक परिचित आहेत. ताडोबाचा गाभा पावसाळ्यात बंद असतो, १ ऑक्टोबरला उघडतो; दिवाळीच्या सुट्ट्यांची बुकिंग सप्टेंबरातच येऊ लागतात. त्या वर्षी येईनात. ओळखीच्या एका गिऱ्हाइकाने फोन करून विचारले, की तुमच्या साइटवर जुगाराची जाहिरात का येते? यांनी आपला मोबाइल उघडून पाहिला. “भाऊ, माह्या मोबाइलवर तं बरोबर दिसते,” असे ते मला सांगत होते, आणि ते खरेच होते. साइट बिघडवणाऱ्याने अशी व्यवस्था केली होती की जो सरळ पत्ता टाइप करून येतो त्याला खरे पान दिसावे, आणि जो गूगलवर शोधून येतो त्याला जुगाराच्या पानावर ढकलावे. मालक नेहमी सरळ येतो. गिऱ्हाईक शोधून येतो. चोराला घराची रीत मालकापेक्षा चांगली ठाऊक होती.

‘माझ्या एवढ्याशा साइटमध्ये कोणाला काय मिळणार?’ हा प्रश्न मला प्रत्येकाने विचारला आहे. उत्तर असे, की तुम्हाला निवडून कोणी येत नाही. वर्डप्रेस हे संकेतस्थळ बनवण्याचे फुकट साधन २००३ मध्ये निघाले आणि आज जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चारांहून अधिक त्यावर उभी आहेत. एका प्रकारच्या कुलपाची किल्ली सापडली की लाखो दारे एका यंत्राकडून रात्रभर तपासून घेता येतात. त्या यंत्राला मोहर्ली ठाऊक नसते. जे उघडे सापडेल तिथे ते शिरते, आणि जुगाराच्या जाहिराती, नकली औषधे, बँकेच्या नावाची खोटी पाने तिथे मांडते. तुमची अब्रू हाच त्याचा माल.

२०११ च्या ऑगस्टमधली टिमथंबची गोष्ट इथे सांगण्याजोगी आहे. फोटोंचा आकार कमी करणारा हा एक छोटा प्रोग्राम शेकडो तयार नमुन्यांत, म्हणजे थीममध्ये, आतल्या आत घातलेला होता. त्याच्यात भोक निघाले. ज्यांनी ती थीम विकत घेऊन लावली होती त्यांतल्या बहुतेकांना हा प्रोग्राम आपल्याकडे आहे हेच माहीत नव्हते. घर विकत घेतले, पण मागच्या भिंतीत एक खिडकी आहे हे विकणाऱ्याने सांगितले नाही. चोर खिडकी म्हणतात ती ही.

दुसरी तऱ्हा याहून जुनी. चौकशीचा फॉर्म असतो. त्यात नाव लिहायच्या चौकटीत नावाऐवजी सर्व्हरला द्यायचा हुकूम लिहायचा. निष्काळजीपणे बांधलेली साइट तो हुकूम नाव समजून न ठेवता हुकूम समजून पाळते, आणि सगळी गिऱ्हाइके, त्यांचे फोन नंबर ओतून देते. हे प्रथम जाहीरपणे लिहिले गेले डिसेंबर १९९८ मध्ये, आणि लिहिणाऱ्याचे टोपणनाव होते ‘रेन फॉरेस्ट पपी’, म्हणजे पावसाळी रानातले कुत्र्याचे पिल्लू. जंगल जिल्ह्यात राहणाऱ्याला हे नाव वाचून हसू येते. पंचवीस वर्षे उलटून गेली, तरी ते पिल्लू अजून भुंकते आहे.

पण मी ज्या हकिकती ऐकल्या त्यांत खिंडारे कमी आणि उघडलेली दारे जास्त. साइट नागपूरच्या एखाद्या मुलाने बनवून दिलेली असते. डोमेन त्याच्या नावावर, होस्टिंगचे खाते त्याच्या ईमेलवर, अ‍ॅडमिनचा पासवर्ड दुकानाचे नाव आणि पुढे १२३. मुलगा नंतर बेंगळुरूला जातो, नंबर बदलतो. मालकाकडे काय उरते? बिलाची पावती. हा मुलगा चोर नसतो. तो फक्त निघून गेलेला असतो, हातोडा खिशात घेऊन. तेव्हा पहिली चौकशी तांत्रिक नसून तलाठ्याच्या दप्तरातली आहे : सातबारा कोणाच्या नावावर? डोमेन मालकाच्या नावे, मालकाच्या ईमेलवर असले पाहिजे. काम करणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्र प्रवेश द्यावा आणि काम संपले की तो काढून घ्यावा. एकच पासवर्ड चौघांत वाटला, की गडबड झाल्यावर कोणाला विचारणार?

ताडोबाच्याच ऑनलाइन बुकिंगचे २०२३ चे प्रकरण लोकांच्या स्मरणात असेल. सफारीच्या बुकिंगचे काम एका खासगी कंपनीकडे होते. तिने १२ कोटींहून अधिक रक्कम भरली नाही अशी पोलिसांत तक्रार झाली, बुकिंग काही काळ थांबले, पुढे नवे संकेतस्थळ आले. हे हॅकिंग नव्हे, आणि प्रकरणाचा निवाडा करणे माझे काम नाही. पण गिऱ्हाइकाचा पैसा ज्या दारातून आत येतो ते दार दुसऱ्याच्या ताब्यात असले की काय होऊ शकते, हे सरकारी पातळीवरही दिसले. त्या दिवसांत प्रवेशद्वारांवरच्या जिप्सीवाल्यांची आणि गाइडांची रोजी टांगणीला लागली होती.

ओटीपीची आमच्याकडची अडचण वेगळीच. भामरागड-एटापल्लीकडे नेटवर्क येते-जाते. दोन टप्प्यांची तपासणी लावा असे सगळे सल्ले देतात. पण आकडा एसएमएसने येणार आणि एसएमएस दुपारी टेकडीवर गेल्यावर मिळणार, तोवर त्याची मुदत संपलेली. मग लोक काय करतात? अहेरीतल्या किंवा आलापल्लीतल्या कोणा ओळखीच्याचा नंबर देऊन ठेवतात. म्हणजे हुंडी आणि वर्दी दोन वेगळ्या वाटांनी पाठवण्याऐवजी दोन्ही एकाच वाटसरूच्या झोळीत. यावर सोपा उपाय आहे आणि तो फार कमी जणांना सांगितला जातो : आकडा मोबाइलमध्येच तयार करणारी अ‍ॅप असतात, त्यांना नेटवर्क लागत नाही, फोनचे घड्याळ बरोबर असले की झाले. शिवाय खाते उघडताना मिळणारे राखीव आकडे कागदावर उतरवून पेटीत ठेवता येतात. ती परपेठ समजा.

मोठ्यांचे काय होते तेही पाहू. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. ११ तारखेला अवघ्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, भारतात कोल्हापुरातूनसुद्धा. १३ तारखेला १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या खात्यात वळते झाले. एटीएमची विचारणा बँकेच्या ज्या सर्व्हरकडे जायची त्याच्या जागी चोरांनी आपला खोटा सर्व्हर उभा केला आणि तो प्रत्येक विचारणेला ‘होय, द्या’ म्हणत राहिला. नाक्यावर खोटा नाकेदार बसवावा तसे. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा दिल्या. ते पैसे काढणारे हात होते. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतून ग्राहकांचे सुमारे ३ कोटी ७० लाख रुपये आरटीजीएस-एनईएफटीच्या वाटेने भलत्याच खात्यांत गेले. लोक बँकेत धावले, पेपरांत मथळे आले, पोलीस परराज्यांत गेले.

मोहर्लीच्या माणसाचा मथळा आला नाही. त्याची दिवाळी बुडाली, एवढेच. त्याने तक्रार केली का, असे मी विचारले. पैसे चोरीला गेलेच नाहीत तर तक्रार कशाची लिहू, हा त्याचा प्रश्न. आलेले बुकिंग चोरले तर गुन्हा दिसतो; न आलेले बुकिंग कोणत्या रकान्यात लिहायचे? वास्तविक दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरून बदल करणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली गुन्हा आहे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर तासाभरात फोन करण्याला फार महत्त्व, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येते. २०२२ पासून कंपन्यांनी अशा घटना सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय संस्थेला कळवाव्यात असा नियम आहे. आमच्या भागात ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या एकानेही त्या संस्थेचे नाव ऐकलेले नव्हते. त्यामुळे लहान दुकानांच्या या चोऱ्या इतिहासात नोंदल्याच जात नाहीत. नीळकंठशहाच्या चांद्यासारखे : तट उभा, शहर गेलेले, आणि सांगणारा कोणी नाही.

मार्च २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी चांद्याच्या तटाची सफाई हाती घेतली आणि शेकडो दिवस चालवली. त्या काळात मी अधूनमधून बघायला जात असे. तोफेने पडलेला तट थोडा, आणि पिंपळा-वडाच्या मुळांनी फोडलेला फार. मूळ दगडाच्या सांध्यात शिरते तेव्हा दोऱ्याएवढे असते. तेव्हा बोटाने उपटता येते. दहा वर्षांनी कुऱ्हाडीने निघत नाही, आणि काढायला गेले तर भिंत सुटते. साइटवर अद्ययावत न केलेली प्लगइन्स अशीच. ‘अपडेट’ची सूचना दिसते, काम अडलेले नसते, राहू देऊ म्हणतो. वापरात नसलेले प्लगइन नुसते बंद करून चालत नाही, काढून टाकावे लागते. बंद खिडकीही खिडकीच असते.

मोहर्लीच्या साइटची दुरुस्ती मी जवळून पाहिली. चंद्रपूरच्या एका मुलीने ती केली. तिने आधी सगळे पासवर्ड बदलले, मग अ‍ॅडमिनची यादी उघडली. त्यात चार नावे होती. एक मालकाचे, एक निघून गेलेल्या मुलाचे, आणि दोन कोणाचीच नव्हती. ती दोन चोराने स्वतःसाठी मागे ठेवली होती, म्हणजे बाहेर काढले तरी परत येता यावे. नुसते जुगाराचे पान पुसून थांबले असते तर आठवड्याने ते पुन्हा उगवले असते. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर, म्हणजे घराला आग लागली तर जळायला तयार असलेला. शेवटी जुना मजकूर आणि फोटो मालकाच्या भाचीच्या लॅपटॉपवर सापडले, त्यावरून साइट नव्याने उभी केली. आता दर अमावास्येला एक नक्कल वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरते. अमावास्या का, तर तारीख विसरते, अमावास्या विसरत नाही, असे मालकाचे म्हणणे.

त्यांच्याकडून मी बिघडलेल्या पानांचे छापील फोटो, होस्टिंगची बिले आणि त्या चार नावांच्या यादीची प्रत मागून घेतली. माझ्याकडच्या पत्र्याच्या पेटीत ती सागवान परवान्यांच्या गठ्ठ्याखाली ठेवली आहे, वर तारीख आणि गावाचे नाव लिहून.